दिनकररावांच्या घराण्याचं काळीज

माणसाच्या प्रत्येक दुखण्याला कारण लागतं, आणि ते कारण शक्यतो आधीच वारलेलं असलं तर बरं पडतं. बोरीचे निवृत्त ग्रामसेवक दिनकरराव यांची ही सोय झालेली होती. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, आजोबा बावन्नाव्या. त्यामुळे छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी ‘तंबाखू, तळण बंद, रोज चालणे’ असं लिहून दिलं, तेव्हा दिनकररावांनी तो कागद पितरांकडे पुढील कार्यवाहीस्तव रवाना केला.

अशात गावात हृदयविकाराचा अभ्यास करणारं संशोधकांचं पथक आलं. पथकातल्या डॉक्टर निकिता मॅडमनी समजावलं, “जन्मताना कुणाला कोणतं जनुक मिळेल, ही निसर्गाची चिठ्ठी असते. कुणाच्या चिठ्ठीत जन्मभर जास्त कोलेस्टेरॉल, कुणाच्या कमी. सवयी काहीही असोत, चिठ्ठी बदलत नाही. दोन्ही गटांत झटके किती आले ते पाहिलं, की कोलेस्टेरॉल हे खरंच कारण आहे का, ते कळतं.”

दिनकररावांना त्यातलं ‘सवयी काहीही असोत’ एवढंच ऐकू आलं. विज्ञानाच्या सन्मानार्थ त्यांनी भज्यांची दुसरी प्लेट घेतली.

पथकाच्या अर्जातला वंशावळीचा रकाना त्यांनी सात पिढ्यांपर्यंत भरला (मागितल्या होत्या दोन). झटक्याने गेलेले पाच. साप चावून एक. ‘काळीज मुळात कमकुवत असावे’ असा शेरा.

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, कडूबाई, सुपारी कातरत म्हणाल्या, “पर तुमी तर दत्तक आलाव की.”

खरं होतं. सहा वर्षांचे असताना ते पूर्णेच्या एका स्नेह्याच्या घरून इथे दत्तक आले. नाव, शेत, देव्हारा, पितर, सगळं रीतीप्रमाणे बदललं. साठ वर्षं त्यांनी या पितरांना इतक्या मनापासून घास ठेवला, की त्यांचे झटकेही आपलेच धरले. रक्त तेवढं बदलायचं राहून गेलं.

“मग जन्मदाते वडील कशाने गेले?” मॅडमनी विचारलं.

“गेले कुठं?” कडूबाई म्हणाल्या. “पूर्णेलाच हाइत. ब्याण्णवचे. रोज सकाळी ठेसनापोतर चालत जायलेत.”

दिनकररावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या छातीची भीती वाटली. आता तिला जबाबदार असं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ते उठले आणि जिंतूर रस्त्याने चालू लागले.

वाचकहो, एव्हाना तुम्हीही मनातल्या मनात आपले आजे-पणजे तपासून घेतलेत (प्रस्तुत लेखकाने दोनदा). फरक इतकाच, की दिनकरराव चालायलेत, आणि आपण दोघं अजून बसूनच आहोत.