आपाचं तिसरं रीडिंग

ग्रामदेवीसमोर हात जोडून "बाय, माझां नाव शांताराम काय?" असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचा शेजारी शांताराम कांबळी, गावाचा आपा.

तारकर्लीजवळच्या आमच्या गावात देवीला विचारल्याशिवाय पान हलत नाही. लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो, नाहीतर होडीचं इंजिन बदलायचं असो, गुरव देवीच्या पाषाणाला ओली पाकळी चिकटवतो. उजवीकडे पडली की हो, डावीकडे पडली की नाही. याला कौल लावणं म्हणतात. आता एवढी सोय असताना स्वतःचं नाव कोण विचारत बसेल? पण आपाचं म्हणणं वेगळं.

"मीटर बरोबर चलता काय नाय, तां आदी बघूक होया. ज्याचां उत्तर माका ठावक आसा, तांच पयलां इचारायचां."

आपा वीज खात्यात मीटरचं रीडिंग घ्यायचा. उभी हयात लोकांच्या पडवीत मान वर करण्यात आणि "रीडिंग चुकलां तुझां" हे ऐकण्यात गेली. त्यातून त्याने एक मंत्र तयार केला. "एक रीडिंग म्हणजे चूक, दोन म्हणजे योगायोग, तीन म्हणजे खरां." निवृत्त झाल्यावर मीटर सुटले, मंत्र सुटला नाही. फणस पिकला हे टकटक करून कळतं की वास घेऊन? भरतीचा बांगडा चवदार की ओहोटीचा? सगळीकडे पळसाला पानं तीन तशी आपाची रीडिंगं तीन. जत्रेत नवीच चप्पल चोरीला जाते की जुनीही, हे बघायला तो तीनदा चपला सोडून आला आणि तिन्ही वेळा अनवाणी परतला.

"जुनीय जाता," तो आनंदाने म्हणाला.

घरात त्याची मोठी बहीण, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा आपाला आक्कानेच वाढवलं. पुढे दोघांचीही लग्नं राहूनच गेली. आपाच्या प्रयोगांचं सामान पुरवणं आणि प्रयोग उधळणं ही दोन्ही कामं तिच्याकडे होती.

एकदा वाद निघाला. बांगड्याची आमटी ताजी चांगली की शिळी? आपाने माझ्या डोळ्यांवर पंचा बांधला आणि आक्काला आजची, कालची आणि परवाची अशा तीन वाट्या भरायला सांगितल्या. मी एकेक चाखून व्याख्यानच दिलं. पहिली कच्ची, दुसरी छान मुरलेली, तिसरी जरा उतरलेली. पंचा सोडला तर आक्का दाराला धरून हसत होती.

"मेल्यांनो, तीनय कालचीच! आमटी खावची आसता, तपासूची नसता."

मला वाटलं, आपा चिडणार. तो खूशच झाला. "आमटीचां काय कळलां नाय, पण साक्षीदार खोटो, तां सिद्ध झालां!" तेव्हापासून गावात माझ्या जिभेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

तर कौल. आपाचं नाव शांताराम काय, या प्रश्नाला पहिली पाकळी पडली डावीकडे. देऊळभर हशा. "आपा, मगे तुझां नाव तरी काय रे?" दुसरी उजवीकडे पडली. तिसरी पडेचना, दुपारपर्यंत तशीच चिकटून राहिली. भिकू गुरव म्हणाला, "देवी तुझ्यावांगडा बोलूकच तयार नाय." आपाचा निष्कर्ष निराळा. सगळ्या पाकळ्या सारख्या भिजवल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी तो पाण्याचं माप घेऊन हजर झाला, तेव्हा भिकूने त्याला पायरीवरूनच परत पाठवलं. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

यंदा शिमगा झाला आणि आक्काच्या छातीत कळ आली. गोव्याच्या हॉस्पिटलात नेलं, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ती वाचेल ना, हे आपाने सवयीप्रमाणे तीन डॉक्टरांना विचारलं. एक हो म्हणाला, दुसरा म्हणाला वय बघता कठीण आहे, तिसऱ्याने वर बोट दाखवलं. तीन रीडिंगं घेऊनही हाती काही न लागलेला आपा मला बघवेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो आक्काची लुगडी न्यायला घरी आला. परत सोडायला मी गाडी काढली. देवळाशी आलो तसा तो म्हणाला, "वाईच थांब."

भिकू गुरवाने त्याला बघितलं आणि अबोला विसरून हसत विचारलं, "काय रे, आज कोणाचां नाव इचारतलंस?"

"आक्काचां," आपा म्हणाला. "घराक परत येतली काय, इचार."

भिकूचं हसू गेलं. त्याने मन लावून देवीला गाऱ्हाणं घातलं, पाकळी लावली. थोडा वेळ ती तशीच राहिली, मग सुटली आणि उजवीकडे पडली.

भिकूने दुसरी पाकळी भिजवली. यात खोडी नव्हती, आपाची पद्धत आता साऱ्या गावाला पाठ होती.

आपाने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. "नको रे, भिकू. पाया पडतंय तुझ्या. रवांदे आता."

आक्का घरी आली. आपा बाजारात गेलेला बघून मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, हसेल.

"कितीदा लावल्यान कौल?" तिने विचारलं.

"एकदाच. भिकू परत लावी होतो, आपान हात धरल्यान."

ती हसली नाही. "एकदाच," असं स्वतःशीच म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "इतकां भियालां रे माझां पोर."