सहाव्या आणि सातव्याच्या मधली ओळ

बुधवार, दुपारचे चार. रक्कम अठ्ठेचाळीस रियाल. हजर असलेले तिघे: मी, पाट्या बनवणारा सेल्वम आणि आमच्या कॉलेजचे स्टोअरकीपर मजीदचाचा. ठिकाण मस्कतच्या गाला भागातलं सेल्वमचं दुकान, टायरवाल्याला लागून.

ही माझी नोंद झाली. चाचांना विचारलं असतं तर त्यांनी एवढंच सांगितलं असतं, "नववा गेला नि दहावा यायचा होता, तेवाची गोष्ट."

मजीदचाचांना सन कळत नसे. म्हणजे त्यांनी तो कधी मनावर घेतला नाही. बावीस वर्षं ते मस्कतला आमच्या कॉलेजात होते आणि या बावीस वर्षांत घडलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या कुठल्या तरी मुख्य कोचच्या काळात घडली होती. नावं ते घेत नसत, आकडे घेत. पाठ कधीपासून दुखते? "चवथ्यापास्नं. त्याला सिमेंटच्या पोत्यांचा व्यायाम पायजे असायचा, पोती उचलायची मी." गावाकडे, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी, स्लॅबचं घर कधी बांधलं? "पाया दुसऱ्याच्या टायमाला, स्लॅब तिसऱ्याच्या. तिसरा लय टिकला, म्हणून घर झालं."

मी हिशेब आणि कर्मचाऱ्यांच्या फायली दोन्ही बघतो. कुठल्याही अर्जावर तारीख लागतेच. चाचा रजेचा अर्ज घेऊन आले की मी विचारायचो, मागची रजा कधी घेतली होती?

"सहाव्याच्या पयल्या सीझनला."

"चाचा, मला साल पाहिजे."

"मंग सहाव्याची फाइल काढा ना साहेब. त्यात असंल."

मी काढायचो, आणि ते बरोबर निघायचं. पंधरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. माझी मुलगी हर्षा इंडियन स्कूलमध्ये शिकते, तिचं मराठी अडखळत चालतं. एकदा चाचा सुरमई घेऊन घरी आले होते, तेव्हा तिने विचारलं, "चाचा, मी कोणत्या कोचला बॉर्न झाले?"

"पाचव्याच्या दुसऱ्या सीझनला, बेटा. तुझ्या बाबांनी पेढे वाटले नि पाचव्याने दोन खाल्ले. मंग ग्राउंडला चार राउंड जास्ती मारले, पेढ्यापायी."

दुसऱ्या दिवशी मी फाइल पाहिली. पाचव्याचा दुसराच हंगाम होता. पेढ्यांची नोंद अर्थातच नव्हती.

सगळे कोच त्यांना आतूनबाहेरून माहीत. पहिला मैदानावर चुना स्वतः आखायचा. तिसरा हरला की जेवायचा नाही आणि जिंकला की बोलायचा नाही. आठवा कागदावर एवढे बाण काढायचा की मुलं त्या कागदाला हवामानखातं म्हणत. चाचांनी कुणाची निंदा केली नाही. फार झालं तर म्हणत, "माणूस चांगला होता, पण बूट परत करताना मोजे काढायचा नाय."

नव्या कोचला पहिल्या दिवशी स्टोअरमध्ये जावंच लागे. चाचा त्याला नवी शिट्टी देत, सही घेत. कोच गेला की शिट्टी परत घेऊन हलव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवत. दुसऱ्याला वापरायला देत नसत. "दुसऱ्याच्या तोंडातली कशी द्यायची?" हा आरोग्याचा मुद्दा मी मान्य केला होता आणि दर वेळी एक नवी शिट्टी मंजूर करत होतो.

कागदाबाबत मात्र आमचं दोघांचं जमायचं. मालाची मोजणी झाली की ते यादीवर बोट ठेवून म्हणत, "कागदावर हाय ना? मंग बरोबर." हे वाक्य मला फार आवडायचं. एवढ्या मोठ्या कॉलेजात कागदाला मान देणारे आम्ही दोघेच आहोत, असं मला वाटे.

एकच गोष्ट त्यांच्या पंचांगात बसत नव्हती. एका ईदला माझ्या बायकोने विचारलं, "रुक्सानाचं लग्न कुणाच्या टायमाला झालं?" रुक्साना त्यांची धाकटी.

चाचा शीरखुर्म्याची वाटी भरत होते. म्हणाले, "कुणाच्याच नाय, भाभी. तेवा कुणी नव्हतं."

मी हसलो. म्हटलं, "असं कसं? सहावा असेल नाहीतर सातवा असेल. मध्ये जागाच नाही."

"मंग सातवा असंल," ते म्हणाले, आणि वाटी माझ्या हातात दिली.

तर कॉलेजला पंचवीस वर्षं व्हायची होती, म्हणून जिमखान्यात मुख्य कोचांची पाटी लावायचं ठरलं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं. फायलींवरून मी ती केली: क्रमांक, नाव, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात चषक. तो रकाना जवळपास रिकामाच होता, कारण आमच्या संघाने पंचवीस वर्षांत एकच चषक जिंकला, मस्कतपासून दोन तासांवरच्या इब्राला, आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामन्यात. कंत्राटाच्या तारखेनुसार तो सातव्याच्या काळात पडत होता. सातव्यापुढे मी लिहिलं: एक.

त्या बुधवारी पाटी आणायला चाचा माझ्याबरोबर आले. महिनाअखेरीला त्यांची साठी भरत होती, मग कायमचे गावी. सेल्वमने पाटीवरचा कागद काढला. निळ्या पाटीवर सोनेरी कापीव अक्षरं, वर अरबी, खाली इंग्रजी. चाचांनी चष्मा लावून पहिल्यापासून नवव्यापर्यंत बोट फिरवलं. सातव्याशी थोडं थांबलं.

"साहेब, सहाव्याच्या नि सातव्याच्या मधी एक लाइन मोकळी सोडता आली असती काय?"

"कशासाठी?"

"तेवा कुणी नव्हतं. थोडे दिस."

"चाचा, सहाव्याचं कंत्राट तीस तारखेला संपलं आणि सातव्याचं एक तारखेला सुरू झालं. एक दिवससुद्धा मोकळा नाही. आणि पाटीत रिकामी ओळ कशी दिसेल? दात पडल्यासारखी."

सेल्वम आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी येत नाही, पण काही तरी बदलायचंय का, असं त्याने हिंदीत विचारलं. मी नाही म्हटलं.

"कागदावर हाय ना?" चाचा म्हणाले. "मंग बरोबर."

त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि पिकअपच्या मागे तिला धरून बसले. पुढे बसा म्हटलं, तर म्हणाले, "अक्षरं निघतील हादऱ्यानं."

पंधरा दिवसांनी ते गेले. निरोपाला केक होता. भाषण करा म्हटल्यावर चाचांनी "बुटांना सावलीत वाळवा" एवढं एकच वाक्य सांगितलं आणि बसले.

ते गेल्यावर स्टोअरचा ताबा मी घेतला. त्याच दिवशी दहावा कोच रुजू होत होता. हा आमचाच जुना विद्यार्थी, हमद; इब्राच्या सामन्यात कप्तान होता. त्याला शिट्टी द्यायची म्हणून मी चाचांची यादी काढली. बूट, जाळ्या, पंप, सगळं जुळलं. शेवटची ओळ अशी होती: "जुन्या शिट्ट्या ९. जास्तीची १, मोजू नये."

मोजू नये हे माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही यादीत वाचलं नव्हतं. डबा उघडला. नऊ शिट्ट्या सारख्या, काळ्या दोरीच्या. दहावी पत्र्याची, लाल दोरीची, खेळण्यातली असावी तशी.

हमदने ती उचलली. "वल्ला," तो म्हणाला, "ही अजून आहे? ही इब्राच्या सूकमधली, बाजारातली. सामन्याच्या सकाळी घेतली होती."

"कोणी?"

"चाचांनी. आम्ही म्हटलं स्टोअरमधली आणायची ना, तर म्हणाले, कोचची सही नाही, कुणाच्या नावावर काढू?"

मी विचारलं, सातवा कुठे होता? "तुम्हाला माहीत नाही?" हमद म्हणाला. सातव्याचा व्हिसा अडकला होता, तो एकोणीस तारखेला उतरला. सामना झाला बारा तारखेला. सहावा निघून गेलेला. सामन्यापर्यंतचे बारा दिवस सराव चाचांनी घेतला होता.

"त्यांना फुटबॉलमधलं काय कळत होतं?" मी विचारलं.

"फुटबॉलमधलं काहीच नाही. बुटांमधलं सगळं." हमद हसला. "रोज बूट परत करताना तळ बघायचे. कोण पाय ओढतोय, कोण दमलाय, कोण घाबरून मागे मागे पळतोय, तळावरून सांगायचे. संघ त्यांनी तसाच निवडला. मैदानाबाहेरून फक्त यल्ला, यल्ला, चला चला, एवढंच म्हणायचे."

मग त्याने बाकीचं सांगितलं. सामना गुरुवारी दुपारी होता आणि चाचांचं त्याच दिवशी संध्याकाळचं विमान होतं. शुक्रवारी असरच्या नमाजानंतर रुक्सानाचा निकाह. पूर्ण वेळ झाला की हमदच्या मामाच्या गाडीतून ते थेट विमानतळावर जाणार होते, बॅग गाडीतच होती. पूर्ण वेळ झाला तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. मामाने हॉर्न दिला. मुलांनीही सांगितलं, चाचा, जा तुम्ही. संघाबरोबर कॉलेजचा एक माणूस लागतो, त्या नियमाला बसचा ड्रायव्हरही चालला असता.

"गेले ते. फाटकापर्यंत गेले," हमद म्हणाला. "मागे वळून बघितलं. आम्ही सगळे माना खाली घालून गवतावर बसलो होतो. परत आले, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, बूट दाखवा."

जादा वेळेतही बरोबरीच राहिली. पेनल्टीला पाच जण चाचांनी निवडले, सगळ्यांना रांगेत उलटे बसवून, तळ बघून. चार-तीनने जिंकलो. बस मस्कतला पोहोचली तेव्हा विमान केव्हाच गेलं होतं. चाचा शनिवारी घरी पोहोचले. मुलगी सासरी गेलेली होती.

त्या विमानाची गोष्ट मला माहीत होती. फाइल काढायची गरज नव्हती, तरी काढली. रजेचं तिकीट कॉलेजचं, प्रवासी वेळेवर हजर नाही, असा विमान कंपनीचा शेरा आला होता. मी चाचांकडून लेखी खुलासा मागितला होता. त्यांनी एक ओळ लिहून दिली होती: "मला उशीर झाला. चूक माझी." त्याखाली मी माझ्या सुवाच्य अक्षरात शेरा मारला होता, की कर्मचाऱ्याला यापुढे वक्तशीरपणाबद्दल ताकीद देण्यात येत आहे. आणि चाचांनी, समजलं म्हणून, सही केली होती.

सातव्याच्या फायलीत त्याच्या प्रवेशाचा शिक्का असलेल्या पासपोर्टाची प्रत होती. पाटीची यादी करताना मी ती काढून बघितली नाही. कंत्राटाची तारीख पुरेशी वाटली.

हमदचं नाव पाटीवर चढवायचंच होतं. प्राचार्यांना भेटून मी चाचांसाठी आणखी एक ओळ मागितली. ते म्हणाले, रेसिडेंट कार्डावर मजीदचा व्यवसाय स्टोअरकीपर आहे ना? हा प्रश्न एरवी मीच विचारला असता. मी म्हटलं, कार्डावर आहे, पण मैदानावर कोच तेच होते. ते म्हणाले, हमदच्या ओळीचं कॉलेज देईल, दुसरीचं तुम्ही बघा.

पाटी पुन्हा गालाला नेली. सेल्वमने मान हलवली. सातव्यापासून खालच्या तिन्ही ओळी उपटून एकेक ओळ खाली सरकवाव्या लागणार होत्या. "साब, उस दिन बोलते तो फ्री में जगह छोड़ देता," तो म्हणाला.

तो काम करत असताना मी समोर स्टुलावर बसून राहिलो. सहाव्याखाली नवी ओळ आली: अब्दुल मजीद, प्रभारी, बारा दिवस. क्रमांकाची जागा मोकळी ठेवली. सातव्यापुढचा 'एक' सेल्वमने नखाने सोलून काढला आणि या ओळीपुढे चिकटवला.

मी तिथूनच फोटो काढून चाचांना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. मागे कोंबडा ओरडत होता, कुणी तरी भांडी घासत होतं.

"चाचा, दिसतंय का?"

"दिसतंय. अक्षर झकास हाय त्याचं." मग म्हणाले, "सातव्याचा एक काढलाव? त्याला कळलं तर वाईट वाटंल."

"तो त्याचा नव्हताच, चाचा. माझी चूक झाली. ताकीद दिली ती पण."

"ता सोडा. कागदावर होतं तेवा बरोबर होतं." मग आवाज खाली आला, जवळ कुणी असावं तसा. "साहेब, हा फोटो फक्त मलाच पाठवलाय ना?"

"हो."

"मंग ठीक. रुक्साना आलीय माहेरला, फोन बघत असते माझा. तिला मी सांगितलंय, विमान लेट होतं म्हणून. आठ वर्सं तसंच सांगितलंय. फाटकापर्यंत गेलो नि परत फिरलो, ता तिला नको कळाया."

मी म्हटलं, तुम्ही फोटो काढून टाका.

"काढतो," ते म्हणाले. "एकदा बघतो नि काढतो."

सेल्वम पाटी कागदात गुंडाळून उभा होता. चाचांच्या ओळीचे त्याने साडेसहा रियाल सांगितले होते. मी सात दिले आणि वरचे पाचशे बैसा परत मागितले नाहीत.