मढ्याचा भांग चुकला

"प्रेक्षक म्हणजे नुसता नळ हो! इकडे फिरवला की हसू, तिकडे फिरवला की रडू. फिरवणारा हात पक्का पाहिजे, बस्स!"

दिग्दर्शक सासुरवाडीच्या टेबलावर चहा ढवळत हे ऐकवत होता. हात पक्का असल्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आजवर त्याने पाण्याच्या टाक्यांच्या आणि गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती केल्या होत्या, आणि आता पहिलावहिला सिनेमा पुरा केला होता. नाव, 'मालक झोपलेत'.

गोष्ट अशी की, एका घराचा मालक सकाळी सकाळी मरतो आणि नेमका त्याच दिवशी घर विकत घेणारा माणूस घर बघायला येतो. सौदा मोडू नये म्हणून दोन्ही पोरं बापावर चादर ओढतात आणि त्या माणसाला दिवसभर सांगत राहतात, "मालक झोपलेत!" तिथपर्यंत सगळा हशा. मग संध्याकाळी सगळे निघून जातात, थोरला मुलगा बापाजवळ एकटाच उरतो आणि खिशातून फणी काढून बापाचे केस विंचरतो. इथे लोकांचं हसू घशात अडकलं पाहिजे, अशी योजना होती.

पण पहिल्या चाचणी खेळाला सगळं उलटंपालटं झालं. हसायच्या जागी लोक हळहळले आणि फणीच्या जागी खो खो हसले! गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून दिग्दर्शकाने राग गिळला. वितरक मात्र गिळणाऱ्यातला नव्हता. हा गृहस्थ सदा खोकल्याच्या गोळ्या चघळायचा, आणि सिनेमा थेटरात लागायचा की डब्यात पडायचा, हे त्याच्या हातात होतं.

"लोकांना कळतच नाहीये, हसायचं की रडायचं!" तो म्हणाला. "आणखी एक खेळ लावा. तुमचे सिनेमावाले मित्र नकोत. साधी, घरगुती माणसं बोलवा, मी त्यांच्यात बसतो. फणीला हॉल गप्प राहिला तर सिनेमा जसाच्या तसा घेतो. हसला, तर फणी काढायची आणि तिथे गाणं घालायचं!"

गाणं! दिग्दर्शकाने हातच जोडले. बाकी काय हवं ते कापा, पण फणी नको. का नको, ते मात्र त्याने आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आता खरी गोम सांगायला हवी. सिनेमातलं मढं म्हणजे खुद्द दिग्दर्शकाचे सासरे! आधी एक पगारी नट आणला होता, पण चादरीखाली त्याचं पोट भात्यासारखं वरखाली व्हायचं. सासऱ्यांना झोपेची देणगी होती. खुर्चीत, बाकावर, न्हाव्याकडे, कुठेही टेकले की झोपायचे, आणि तेही इतकं निपचित की बघणाऱ्याने घाबरावं. त्यांची अट एकच होती, "हिला कळता कामा नये. मी मेलेला दिसलो तर ही मला खरोखरच मारील!" म्हणून सासूबाईंना सांगितलं होतं की ते एका निवृत्त न्यायाधीशाचं काम करताहेत. सासूबाईंनी ही बातमी साऱ्या इमारतीत वाटली होती.

"तू आईला आधीच सांगून टाक," बायकोने बजावलं होतं.

"सांगतो गं, सवडीने सांगतो."

आणि साधी, घरगुती माणसं कुठून आणायची असा प्रश्न पडला तेव्हा सासूबाईंनी आपण होऊन आपला अख्खा विणकामाचा वर्ग आणायचं कबूल केलं! नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

खेळाच्या दिवशी दिग्दर्शकाने मग हॉलच्या दारातच सासऱ्यांना बाजूला घेतलं. "बाबा, नीट ऐका. तुमचा चेहरा दोनदाच दिसतो. एकदा पंख्याने चादर उडते तेव्हा, आणि मग फणीला. पंखा फिरायला लागला की तुम्ही म्हणायचं, 'मला कसंतरी होतंय', आणि आईंना बाहेर कॉफी प्यायला न्यायचं. सिनेमा संपेपर्यंत आत आणायचं नाही!"

"काळजीच सोडा, जावईबापू! हे काय काम आहे?"

सासरे ऐटीत खुर्चीत बसले. दिवे मालवले. आणि अंधार पडल्याबरोबर ते झोपले!

दिग्दर्शक मागे भिंतीला टेकून उभा होता. सुरुवातीपासून हशा अगदी जागच्या जागी येत होता. घर घेणारा माणूस पडद्यावर म्हणाला, "फार उकडतंय, जरा पंखा लावता का?" हॉल खुसखुसला. पंखा फिरू लागला. दिग्दर्शकाने सासऱ्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची हलेना. तो पुढे धावला, पण रांगेच्या तोंडाशी विणकामवाल्या बायकांच्या पिशव्यांचा ढीग होता. त्यात त्याचा पाय अडकला आणि तो लोकरीसकट आडवा झाला. पडद्यावर भर्रकन चादर उडाली.

"अगं बाई! हे तर आमचे हे!"

सासूबाईंनी दचकून शेजारी पाहिलं. शेजारी हुबेहूब तेच दृश्य! मान मागे, तोंड उघडं, हालचाल नाही.

"अहो! अहो, उठा ना! असं काय करताय हो?"

सासूबाईंनी हंबरडा फोडला. हशा जागीच थिजला. विणकामाचा वर्ग खुर्च्या ओलांडत धावला, कुणी हात चोळले, कुणी पाय, कुणी "डॉक्टर! डॉक्टर!" म्हणून ओरडलं. बायको कळवळून सांगत होती, "काही झालेलं नाही! बाबा झोपलेत!" आणि नेमका त्याच क्षणी पडद्यावरचा धाकटा मुलगा घाबरून म्हणाला, "मालक झोपलेत!"

मागच्या रांगेला हसू फुटलं. तेवढ्यात कुणीतरी बाटलीभर पाणी सासऱ्यांच्या तोंडावर ओतलं. ते डोळे चोळत ताठ बसले आणि खणखणीत आवाजात विचारते झाले, "झाला का कट?"

आता अख्खा हॉल लोळू लागला. वितरकाने गोळी गिळून टाकली आणि दिग्दर्शकाला शोधायला मान वळवली. दिग्दर्शक गुडघ्यावर बसून पायाची लोकर सोडवत होता.

"न्यायाधीश ना हो तुम्ही?" सासूबाईंचा आवाज कापत होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता.

"अगं, निवृत्त म्हणालो होतो ना... जरा जास्तच निवृत्त आहे."

"घरी चला, मग बघते तुमच्याकडे. आणि जावईबापूंकडे!"

"आई, आपण बाहेर जाऊन कॉफी घेऊ या का?" दिग्दर्शक रांगेतून कुजबुजला.

"मुळीच नाही! काय काय विटंबना मांडली आहे ती शेवटपर्यंत बघणार मी!"

आणि बघितलीच, तीही तोंड मिटून नाही. "अरे, पाय उघडे पडलेत त्यांचे! त्यांना गारवा बाधतो!" "त्या माणसाला खाटेवर काय बसवता? दिसत नाही का, माणूस निजलाय!" हॉलला आता पडद्याचं कौतुक उरलं नव्हतं. पडद्यावर पोरं विनोद करायची, लोक सासूबाईंकडे बघायचे. दोन वर्षं खपून रचलेला सिनेमा, आणि लोक बघताहेत पाचवी रांग! दिग्दर्शकाला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं.

मग फणी आली. पडद्यावर संध्याकाळचा उजेड, रिकामं घर, थोरला मुलगा. त्याने खिशातून फणी काढली, आणि काय आश्चर्य, हॉल शांत झाला! कुणी खोकेना, कुणी पिशवी चाळवेना. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. जमलं, त्याच्या मनात आलं, इतक्या गोंधळातूनही जमलं.

"भांग चुकला!" पाचव्या रांगेतून आवाज आला. "डावीकडे पाडतात ते! उजवीकडे काय पाडतोस, मेल्या?"

पुढे काय झालं ते सांगायला नको. पडद्यावरच्या मुलाचं रडणं कुणाला ऐकूही आलं नाही.

बाहेरच्या दालनात वितरक फार खुशीत होता. "घेतला तुमचा सिनेमा! काय हसलेत लोक! फक्त ती फणी काढा. तिथे एक झकास गाणं टाका, की काम फत्ते!"

"नाही काढणार!"

"अहो, हसले की लोक तिथे! ठरलं होतं ना आपलं?"

"हसू देत! नाही काढणार म्हणजे नाही काढणार!" दिग्दर्शक एवढ्या जोरात ओरडला की विणकामाचा वर्ग जिन्यात थबकला. "माझे वडील दाराची कडी काढायलासुद्धा केस विंचरल्याशिवाय उठायचे नाहीत. ते गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, जो तो फोनवर, आणि त्यांचे केस उशीवर पार विस्कटलेले. ते कुणाला दिसलंच नाही. मी फणी घेऊन बसलो. मागची एक बट जन्मभर उभी राहायची त्यांची. मी बसवली, ती उभी राहिली. परत बसवली, परत उभी! आणि मला हसू आलं हो! बापाचं मढं समोर आणि मला हसू आलं, आणि ते पुरतं यायच्या आत रडू कोसळलं. तेवढंच दाखवायचं होतं मला. बाकीचा सगळा सिनेमा त्यासाठी केला मी!"

 बायको त्याच्याकडे नवीनच माणूस बघावा तशी बघत राहिली, आणि मग तिने त्याचा हात धरला. सासूबाईंनी पदराने नाक पुसलं.

"जावईबापू, हे आधी नाही का सांगायचं?"

"कसं सांगणार, आई?"

"तोंडाने! बरं, त्या तुमच्या नटाला फणी धरता येत नाही. खराटा धरावा तशी धरली होती त्याने. लोक हसतील नाही तर काय करतील? उद्या सकाळी परत घ्या ते. मी विंचरते."

"पण आई, सिनेमात त्यांची बायको नाहीये. ती गावाला गेलेली आहे."

"मग आली परत!"

"तुम्ही तर त्यांना असं बघायलासुद्धा तयार नव्हतात!"

"नव्हतेच! पण आता मेलेच आहेत, तर दुसऱ्या कुणी त्यांच्या डोक्याला हात लावण्यापेक्षा मीच लावीन."

"बाई, माझं थोडं ऐकाल का?" वितरक मध्ये पडला.

"तुम्ही गोळी चघळा हो!"

वितरकाने गोळी तोंडात टाकली आणि हे एवढं बघून मगच शेवटचं ठरवायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी खाट मांडली, दिवे लावले, सासरे आडवे झाले. कॅमेरा भाड्याचा होता आणि दुपारी परत द्यायचा होता. सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या, त्यांनी फणी उचलली आणि हळूच नवऱ्याच्या केसांतून फिरवली.  आवाज टिपणारा माणूस स्वतःच हुंदका दाबत होता. वितरक चघळायचा थांबला होता. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून पुढे झुकला. हेच, अगदी हेच हवं होतं!

आणि मढं गालात हसलं.

"कट! बाबा, अहो हसताय काय?"

"चुकलो, चुकलो."

परत. या खेपेला मढ्याने समाधानाचा एक लांबलचक सुस्कारा सोडला. "कट!" परत. मढं म्हणालं, "हळू गं!"

"मेलेल्या माणसाला हळू नि जोरात कळतं का?" सासूबाई कडाडल्या.

"बाबा, दिवसभर पंख्याखाली निपचित पडला होतात! तेव्हा डास चावला तरी हलला नाहीत! आता काय झालं?"

"काय सांगू, जावईबापू," सासरे ओशाळून म्हणाले, "एरवी मी कुठेही मरेन. पण हिचा हात डोक्यावरून फिरला की झोपच उडते हो!"

सासूबाई लाजल्या. दिग्दर्शकाने डोकं गच्च धरलं. सूर्य माथ्यावर आला, भाड्याच्या कॅमेऱ्याचा मालक दारात येऊन घड्याळ बघू लागला. शेवटची एकच खेप उरली. सासूबाईंनी डावीकडे भांग पाडला. मग फणी धरलेला हात कानाशी थांबला. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि टपकन एक थेंब सासऱ्यांच्या कपाळावर पडला. मढं हललं नाही. हसलं नाही. दृश्य पुरं होणार, एवढ्यात मढ्याने एक डोळा उघडला आणि बायकोकडे पाहिलं.

दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. तो भानावर येईपर्यंत कॅमेऱ्याचा मालक कॅमेरा घेऊन पळाला होता. दुसरं काही हातात नव्हतं, म्हणून तेच सिनेमात गेलं.

वितरकाने ते तीनदा बघितलं, नाक शिंकरलं आणि सिनेमा लावला.

पहिल्याच दिवशी खेळ सुटला तेव्हा एक अनोळखी गृहस्थ गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने दिग्दर्शकाचे दोन्ही हात धरले. त्याचा चेहरा आसवांनी भिजला होता आणि तो हसतही होता.

"साहेब, ते मढं डोळा उघडतं ना, तिथे हसावं की रडावं तेच कळेना! मेल्यावरही माणूस आपल्या माणसाला सोडत नाही, असंच ना? केवढा विचार केलाय तुम्ही!"

दिग्दर्शकाने आजूबाजूला पाहिलं. मग त्याने घसा साफ केला. "हो, म्हणजे... मुद्दामच ठेवलंय ते तसं."

"मुद्दाम कसलं!" मागून सासूबाई म्हणाल्या. "फणीचा दात टोचला त्यांच्या कानाला!"