बुडाला लावायचा रंग

सासूबाईंनी होडी विकून टाकायचं ठरवलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, "विकायची कशाला? मी रंगवतो की!"

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निसटलं ते मला अजून कळलेलं नाही. मी विमा कंपनीत कारकून आहे. रंगाशी माझा संबंध निळ्या शाईपुरता. (लाल शाई साहेबांकडे असते.) घरात भिंतीला खिळा ठोकायचा असला की बायको आधी मला काहीतरी आणायला बाजारात पाठवते आणि मी परत येईपर्यंत स्वतः ठोकून टाकते.

पण त्या दिवशी सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. सासरे गोदीत ड्राफ्ट्समन होते. उभा जन्म जहाजांचे आराखडे काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लहानशी लाकडी होडी घेतली आणि रोज सकाळी ते नदीवर जायला लागले. मासे वगैरे काही नाही, नुसते वल्हवून यायचे. बायकोलाही त्यांनीच वल्हवायला शिकवलं. मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू सुधारला, उजवा हात थोडा अधू राहिला आणि वाचा गेली ती गेलीच. कळत सगळं होतं, पण तोंडून एकच शब्द निघायचा, 'बरं'. भूक लागली तरी बरं, जेवण नको असलं तरी बरं, डास चावला तरी बरं.

डॉक्टर म्हणाले होते, "शब्द आहेत आत. पण त्यांना बोलावंसंच वाटत नाही. माणसाला काहीतरी हवं असावं लागतं."

सासऱ्यांना काहीच नको होतं. होडी आमच्याच मागच्या अंगणात दोन बाकांवर उपडी पडली होती आणि ते खुर्ची फिरवून घेऊन तिच्याकडे पाठ करून बसायचे. ते बघून बघून सासूबाईंचा धीर सुटला होता.

"तुम्ही रंगवणार?" बायकोने मला विचारलं. आवाजात कौतुक नव्हतं.

"त्यात काय आहे? ब्रश बुडवायचा आणि फिरवायचा."

दुसऱ्या दिवशी मी रंगाच्या दुकानात गेलो.

"होडीला रंग हवाय," मी म्हणालो.

"बुडाला का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही हो, कोणी बुडालं नाही. अजून पाण्यात उतरवलीच नाही."

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. "होडीच्या बुडाला रंग लावायचाय की वरच्या अंगाला?"

मग त्याने समजावून सांगितलं. पाण्याखाली राहतो त्या भागाला वेगळा रंग लागतो, शेवाळ आणि शिंपले धरू न देणारा. पाण्यावर राहतो त्या भागाला उन्हात न उडणारा, चकचकीत. दोन्हींच्या खाली आपापला प्रायमर. बुडाचा वर गेला तर उन्हाने भुकटी होऊन उडेल, वरचा बुडाला गेला तर फुगून पापुद्रे सुटतील. मी मान डोलावत राहिलो. (कचेरीत याच कलेवर माझी नोकरी टिकली आहे.) बुडाचा रंग त्याच्याकडे तांबडाच होता, त्यामुळे तो प्रश्न मिटला. वरच्या रंगासाठी त्याने नमुन्यांचं कार्ड दिलं.

ते कार्ड घरी नेलं ही चूक झाली.

"राखाडी घ्या," सासूबाई म्हणाल्या. "मळखाऊ असतो."

"आई, होडी आहे ती, पायपुसणं नाही," बायको म्हणाली. "पिवळा घेऊ. लांबून दिसला पाहिजे."

"दिसायचाय कोणाला?"

"बाबांना."

शेवटी मी कार्ड घेऊन सासऱ्यांसमोर बसलो.

"बाबा, निळा लावू?"

"बरं."

"की राखाडी?"

"बरं."

"पिवळा?"

"बरं."

पण पिवळ्याच्या वेळी त्यांनी कार्डाकडे पाहिलं, असं बायकोचं म्हणणं पडलं. मला ते दिसलं नव्हतं. तरी मी पिवळा आणला.

कामाला सुरुवात झाली. जुना तांबडा रंग खरवडताना निम्मा माझ्या डोक्यात गेला. भेगा बुजवायची लांबी फटींतून भरली. सँडपेपरने घासता घासता बोटांची सालं गेली. त्या आठवड्यात मी एक कान तांबडा असतानाच कचेरीत गेलो होतो आणि साहेबांनी हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

पण एक गोष्ट घडली. खरवडण्याचा आवाज सुरू झाला आणि चौथ्या की पाचव्या दिवशी सासऱ्यांनी स्वतःहून खुर्ची वळवून घेतली. सासूबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. हातातलं भांडं ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. मला एकदम दडपण आलं. तोपर्यंत मी हौसेने काम करत होतो, आता परीक्षा सुरू झाली.

तांबडा कुठे संपवायचा आणि पिवळा कुठे सुरू करायचा, ती रेघ आखण्याचा दिवस आला. जुनी रेघ मी घासून साफ केलेली. (इतकी स्वच्छ घासली होती की तिचा मागमूस नव्हता.) आमचं अंगण मोरीच्या बाजूला उतरतं, म्हणून होडी सरळ बसावी यासाठी मी मागच्या बाकाखाली विटा घातल्या होत्या. इथपर्यंत माझी बुद्धी चालली. मग मी एक काठी घेतली, तिच्यावर खूण केली, काठी जमिनीवर उभी धरत धरत होडीभोवती फिरलो आणि खुणेखुणेला पेन्सिलने ठिपके दिले. सगळे ठिपके जमिनीपासून अगदी सारख्या उंचीवर.

"बरं," मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. सासऱ्यांनी डावा हात वर केला होता.

"आवडलं वाटतं," मी खूश होऊन म्हणालो आणि ठिपके जोडायला लागलो.

"बरं! बरं!"

"बघ, किती दिवसांनी आवाज चढलाय त्यांचा!" मी बायकोला हाक मारली.

"बरं!" सासऱ्यांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. शेजारचा पाण्याचा पेला घरंगळत मोरीपर्यंत गेला.

"आनंद झालाय त्यांना," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "लवकर लावा हो रंग."

मी लावला. खाली पिवळा, वर तांबडा, कारण होडी उपडी होती. पहिला हात, दुसरा हात. वाळल्यावर होडी अशी चकाकायला लागली की शेजारपाजारचे येऊन बघून गेले. मी कोणी विचारण्याआधीच "मीच केलं" असं सांगत होतो.

रविवारी सगळ्यांनी मिळून होडी नदीवर नेली. सासऱ्यांना मागच्या फळीवर उशा लावून बसवलं. मधे वल्ह्यांवर बायको, त्यांच्याकडे तोंड करून. पुढच्या टोकाला मी. सासूबाई काठावर थांबल्या. होडीत बसायची त्यांची हिंमत नव्हती आणि रंग मी दिलेला आहे हे त्या विसरल्या नव्हत्या.

होडी पाण्यावर छान तरंगली. बायकोने वल्ही मारली. सासरे पाण्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होत होतं. बायको मला न वळताच म्हणाली, "अहो, ते काठाकडे बघत नाहीत, पुढे बघतायत." तिचा आवाज कापरा होता.

तेवढ्यात काठावरून कोणीतरी ओरडलं, "अहो, पुढून बुडतेय तुमची होडी!"

"त्या जाड्याला मागे घ्या!" दुसरा ओरडला.

मी वाकून पाहिलं. पिवळा रंग पाण्याच्या वर राहायचा होता. तो मी स्वतः लावला होता. आणि माझ्या नाकासमोर पिवळा रंग वीतभर पाण्याखाली गेलेला होता! मागे पाहिलं तर तिकडचा तांबडा भाग हवेत. होडी पुढून बुडत होती, यात शंकाच नव्हती. मासेमारीची एक होडी आमच्याकडे वळली आणि तिच्यातले दोघे दोरी सोडायला लागले.

अशा वेळी माणसाची खरी पारख होते. पुढे वजन माझं. बायको आणि सासरे वाचले पाहिजेत. मी डोळे मिटले आणि उडी मारली.

पाणी कमरेपर्यंत होतं. चिखल गुडघ्यापर्यंत होता.

होडी जागच्या जागी शांत तरंगत होती. तिच्यात पाण्याचा थेंब नव्हता. रेघ मात्र पुढून पाण्यात शिरून मागे आभाळाकडे निघाली होती.

आणि मागच्या फळीवर सासरे हसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून पाणी. मग हसू थांबलं. ओठ हलायला लागले. बायकोने वल्ही सोडून दिली.

"रे..." ते म्हणाले. "रेघ."

"बाबा?"

"रेघ... वाकडी." मग श्वास घेऊन, फार कष्टाने, एकेक शब्द ओढून काढत, "जमिनीला... उतार... होता."

बायको हसत होती की रडत होती, मला चिखलातून कळेना. "काय झालं?" मी ओरडलो.

"बाबा बोलले!"

"काय बोलले?"

"तुमची रेघ वाकडी आहे म्हणाले!"

काठावर सासूबाई मट्कन खाली बसल्या. मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून लहान मुलासारखा रडलो. रेघ आखली त्या दिवशी ते हात वर करून, मूठ आपटून मला हेच सांगत होते आणि आम्ही सगळे त्याला आनंद समजत होतो. मासेमारीच्या होडीतल्या दोघांना काहीच उमगेना. त्यांनी मुकाट्याने दोरी टाकून मला बाहेर ओढलं.

डॉक्टरांना सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्यांना बोलायला कारण मिळालंय," ते म्हणाले. "तुम्ही असं करा, रोज थोडा वेळ त्यांच्यासमोर बसून काहीतरी काम करत जा."

"कुठलं काम?"

"कुठलंही चालेल. तुम्ही केलं म्हणजे झालं."

तेव्हापासून उपचार चालू आहेत. मी फाटक रंगवलं, खुर्च्या रंगवल्या, आणि शब्द वाढत वाढत वाक्यं झाली. काल मी खिडकीचे गज रंगवायला घेतले, तर सासरे चांगले मिनिटभर न अडखळता बोलले. सासूबाईंना तर धन्य धन्य वाटलं. बायकोने फोन लावून डॉक्टरांनाही ऐकवलं.

काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.