किसनअण्णांच्या घराचा चेहरा

रोज सकाळी किसनअण्णा मोबाइल घेऊन गोठ्यात जातात आणि म्हशीला विचारतात, "बोल, कसं वाटून राह्यलं?"

म्हैस रवंथ करत बघते. अण्णा तिच्या कानामागं हात फिरवतात, 'हं' म्हणतात आणि चुलीकडं वळतात. तिथं त्यांची बायको, सखूकाकू, भाकरी थापत असते.

"तुझं काय?"

"माझं काय? सरपण ओलं हाय!" काकू धुरातून ओरडतात.

अण्णा पुन्हा 'हं' म्हणतात. मग ओट्यावर बसून, मोबाइल हातभर लांब धरून, बराच विचार करून त्यावर बोट टेकवतात.

टेंभुर्णीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळं हे मला रोज दिसतं. आणि याला कारण मीच आहे, असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

मी जाफराबादला कचेरीत कारकून. मी फार चिडतो असं बायकोचं मत आहे आणि ते तिनं सांगितलं की मी चिडतो. म्हणून मन शांत ठेवायचं एक ॲप मी मोबाइलवर घेतलं. त्यातली बाई गोड आवाजात सांगते, "डोळे मिटा. खोल श्वास घ्या." एकदा मी स्कूटरवरून घरी येत होतो आणि बाई कानात होती. तिनं सांगितलं, मी मिटले. उघडले तेव्हा अण्णांच्या कडब्याच्या गंजीत होतो.

अण्णांनी मला पाय धरून बाहेर ओढलं. "काय करून राह्यला होता रे?"

"मन शांत करत होतो."

"झालं का मंग?" स्कूटरच्या वाकड्या हँडलकडं बघत त्यांनी विचारलं.

एवढं होऊनही ते ॲप त्यांना हवं झालं. मीही मोठ्या उत्साहानं त्यांच्या फोनवर घालून दिलं. सकाळ झाली की ते विचारतं, 'आज कसं वाटतंय?' खाली चेहऱ्यांची रांग असते, खदखदून हसणाऱ्यापासून रडणाऱ्यापर्यंत. त्यातला आपला निवडायचा. अण्णा मात्र सगळ्या घराचा निवडायला लागले.

"अण्णा, ते तुमचं एकट्याचं विचारतंय," मी म्हणालो.

"एकट्याचं कोन इचारतं? पाव्हना 'बरं हाय का' म्हन्तो, तव्हा काय माझ्या एकट्याचं इचारतो? घर, जनावर, पानीपाऊस, समदं आलं त्यात."

अण्णांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. आता थोडी शेती आणि ही एक म्हैस उरली आहे, पण सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. काकू तापलेल्या, म्हैस खुशीत, म्हणजे मधला चेहरा. "बराबर बसला," असं म्हणून फोन खिशात. या हिशेबात अण्णा स्वतःला धरतच नसत. "आपलं काय, चालू हाय."

दिवाळीनंतर काकू लेकीच्या, सुनीताच्या, बाळंतपणाला पुण्याला गेल्या. बाळ झालं, बारसंही झालं. मग जावयानं फोन केला. सुनीताची नोकरी सुरू होतेय, आईंना इथंच राहू द्या.

"राहू द्या की!" अण्णा म्हणाले. "हितं समदं झकास हाय."

पुढं रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा आणि अण्णा भिंतीपलीकडं आम्हाला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं 'झकास' म्हणायचे. फोन ठेवला की तिकडून काहीच ऐकू यायचं नाही. जेवायला बोलवावं तर "आत्ताच झालं" म्हणायचे. चुलीतून धूर निघालेला आम्ही काही बघितला नव्हता.

"काकूंना कळवू का?" मी बायकोला विचारलं.

"तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. "तुम्ही मदतीला गेलात की माणसाला पाय धरून ओढावं लागतं."

एका दुपारी काकू न कळवता रिक्षातून दारात उतरल्या. हातातली पिशवी खाली न ठेवताच त्यांनी सुरुवात केली.

"फोनवर झकास, आन तिकडं सुनीच्या मोबाइलवर रोज रडकं तोंड? सुनी म्हन्ली, आई, तू जाय. बाळाचं आमी पाहू!"

भिंतीअलीकडं मला एकदम आठवलं. ॲप घालून देताना 'तुमच्या जवळच्या माणसाचा नंबर' असं काहीतरी आलं होतं. मी घाईत सुनीताचा टाकला होता. निवडलेला चेहरा रोज तिकडं जातो, हे खाली बारीक अक्षरात असणार. बारीक अक्षर वाचायचा मला कचेरीत पगार मिळतो, म्हणून घरी मी ते वाचत नाही.

अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग गोठ्याकडं पाहत राहिले.

"ते माझं न्हाई," ते हळूच म्हणाले. "म्हशीचं हाय. तू गेल्यापसून वैरनीला तोंड लावंना. दूध बिलकुल आटलं."

माझ्या बायकोनं माझा दंड दाबला. त्या म्हशीचं तांब्याभर दूध त्याच सकाळी अण्णा आमच्याकडं देऊन गेले होते. घरात प्यायला कोणी नव्हतं, म्हणून काकू गेल्यापासून रोजच देत होते.

काकू पदर खोचून गोठ्यात गेल्या. भिंतीवरून मला म्हैस दिसत होती, अंगानं भरलेली, तुकतुकीत. काकूंनी तिच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला.

"लईच वाळली की वो," त्या आतून म्हणाल्या. "आता न्हाई जात मी कुठं."