बंदीचं कुमीस

सोळा वर्षांच्या आतल्या पोरांना सोशल मीडियापासून लांब कसं ठेवावं, यावर मोठमोठी सरकारं डोकं खाजवत बसली असताना शार्शेनने हा प्रश्न एका सकाळी चहा पिता पिता निकालात काढला. डोंगरातल्या सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर उन्हाळ्यासाठी आलेल्या सगळ्या तंबूंतले आईबाप त्याने गोळा केले आणि रोटीचा तुकडा हातात धरून शपथ घेतली, "पोरांचे फोन माझ्याकडे द्या. थंडी पडून खाली उतरू तेव्हा जसेच्या तसे परत करीन."

"अहो, बंदी घातली की पोरं चोरून बघतात," त्याची बायको बुरूल म्हणाली.

"सापडले तर चोरतील ना!"

खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची चौदा वर्षांची मेरिम लहानपणी त्याच्यापुढे घोड्यावर बसायची आणि अख्खा दिवस तोंड मिटायची नाही. आता सिग्नल मिळणाऱ्या एकुलत्या एका टेकाडावर ती दिवसभर मान खाली घालून उभी असायची, आणि बापाच्या वाट्याला उरला होता एक "हं". त्या बडबडीवाचून शार्शेनला इतकं सुनंसुनं वाटायचं, की हल्ली तो घोडीशीच गप्पा मारू लागला होता.

लपवायची जागा मात्र त्याने नामी शोधली. तंबूच्या दाराशी कुमीसचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, कातडी बुधला टांगलेला असायचा, आणि घोडीचं दूध आंबायचं तर ते सतत घुसळावं लागायचं. त्यामुळे जवळ फिरकेल त्या पोराच्या हातात बुरूल रवी द्यायची. साहजिकच तिकडे एकही पोर फिरकत नसे. शार्शेनने शेजारी एक जुना रिकामा बुधला टांगला आणि सगळे फोन त्यात सोडले. बुरूललाही सांगितलं नाही, कारण लेकीपुढे तिचं काळीज लोण्यासारखं होई.

दुपारी तो कुमीसचे दोन वाडगे रिचवून आडवा झाला. तंबूच्या छतातल्या गोल झरोक्यातून ढग सावकाश सरकत होते. बघता बघता त्याचा डोळा लागला, आणि त्यातल्याच एका ढगावर चिमुकली मेरिम बसून त्याला काहीबाही सांगू लागली. शब्द कळत नव्हते, पण आवाज तोच होता. ढगाच्या टापाही ऐकू येत होत्या. धप्प. धप्प. कडक.

ढगाच्या टापा कडक कशा वाजतील, म्हणून त्याने डोळे उघडले.

दाराशी शेजारच्या तंबूतले असानकुल आजोबा उभे राहून घुसळत होते. तंबूत येणाऱ्याने आधी रवीचे चार हात मारायचे, ही इथली रीत. पण त्यांनी रवी घातली होती ती जुन्या बुधल्यात.

"बुरूल, गुठळ्या फार आहेत गं," आजोबा म्हणाले. "एक तर भलतीच कठीण. मघापासून फोडतोय."

"त्यात आज सकाळचंच दूध आहे, आजोबा," बुरूल म्हणाली. "रोजच्या बुधल्यात मावेना, म्हणून उरलेलं त्यात ओतलं."

शार्शेनच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाहुण्याचा रवीवरचा हात धरायचा कसा? त्याच्या कुळात तो आजवर कुणी धरला नव्हता.

"मोडली एकदाची," आजोबा समाधानाने म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आईबापांनी शार्शेनची यथेच्छ शोभा केली. दूध ठिबकणारे फोन घेऊन एकेक जण गेला. रोटीवरची शपथ मोडली होती. पण त्याचा जीव लागला होता तो तळ्याकाठी पाठ करून बसलेल्या मेरिमकडे. तो तिच्याजवळ जाऊन बसला. पाणी जांभळं झालं होतं आणि पलीकडचे घोडे धुक्यात अर्धेच दिसत होते.

"रागावलीस?"

"हं."

संपलं, त्याला वाटलं. होती ती लेकही गेली.

"बेगिमायला वाटेल, मीच तिला टाकलं," मेरिम एकदम म्हणाली.

"कोण बेगिमाय?"

ती सांगू लागली. बेगिमाय तिची जिवलग मैत्रीण. नुरायमने तिघींचा फोटो टाकला, पण त्यातून बेगिमायला कापून. मग बेगिमाय गटातून बाहेर पडली, नुरायमने सगळ्यांसमोर माफी मागितली, तीही खोचक, आणि मेरिमने मध्यस्थी करून बेगिमायला विचारलं, शेवटचं सांग, मैत्री ठेवायची की नाही. मेरिम हातवारे करत होती, आवाज काढून दाखवत होती. शार्शेनचे डोळे भरून आले. घोड्या पिळायची वेळ टळून गेली तरी त्याला पत्ता नव्हता.

"मग?" तो पुढे सरकला. "काय म्हणाली बेगिमाय?"

मेरिमचे हातवारे थांबले.

"मला काय माहीत, बाबा? तिचं उत्तर घुसळलंत ना तुम्ही."