जिन्यात चिकटवलेली माणसं

"तीन दिवस? मॅडम, मला दोन पुरे!"

भर वर्गात असं छातीठोकपणे सांगून पेन्सिल घरी आली. पेन्सिल हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण ती उंची, ती काटकुळी अंगकाठी आणि केसांच्या बुचड्यात कायम खोचलेली शिसपेन्सिल पाहिल्यावर तिला दुसरं काही म्हणायची कुणाची जीभच वळत नसे.

पेन्सिल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट म्हणजे एक ॲप. आपल्या वस्तीत कोण कोण चित्रं काढतं ते एकमेकांना कळावं, त्यांनी ती एकमेकांना दाखवावीत, उरलेसुरले रंग वाटून घ्यावेत आणि जमलंच तर मिळून एखादी भिंत रंगवावी. कल्पना झकास! फक्त ॲपच्या आधी त्याचा आराखडा हवा, आणि आराखड्याच्या आधी ते वापरणारी माणसं हवीत. खरी नव्हेत हं! या विद्येत पद्धतच अशी, की चार माणसं आधी मनानेच तयार करायची. त्यांचं वय, कामधंदा, हौस, भीती, गरज सगळं कागदावर मांडायचं आणि मग त्या मंडळींसाठी ॲप आखायचं. ही चार माणसं करायलाच मॅडमनी तीन दिवस दिले होते.

जेवणाच्या टेबलाशी बसून पेन्सिलने पाऊण तासात चार माणसं जन्माला घातली. मोठ्ठे कागद, जाड स्केचपेन, ठसठशीत अक्षर. आता ती समोर टांगून लांबून बघायची होती. तिने चिकटपट्टीचं रीळ उचललं आणि नव्या रंगाच्या भिंतीकडे वळली.

"तिथे चिकटपट्टी लावलीस, तर मी तुला चिकटवीन!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. आईला भिंतीपलीकडचं दिसतं, हे पेन्सिलला लहानपणापासून ठाऊक होतं.

म्हणून मग जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खिडकीचा उजेड आणि ही एवढी मोकळी भिंत! तिथे तिने चारही कागद ओळीने लावले. वर मथळा हवा होता. पहिल्या वर्षापासून चित्रकला शिकवणाऱ्या मॅडमचा हुकूम होता, मथळे जड नकोत, माणसांच्या भाषेत हवेत. पेन्सिलने झोकात लिहिलं: 'आपले लोक'.

आणि तिथेच घात झाला!

कार्डपेपर आणायला ती दुकानात गेली, ती तासाभराने परतली. तळमजल्यावरूनच तिला आवाज ऐकू आले. वळणावर निम्मी इमारत उभी होती. सगळ्यांत पुढे, तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या घरातल्या काकू कमरेवर हात ठेवून पहिला कागद मोठ्याने वाचत होत्या.

"'वय बावन्न. व्यवसाय शिलाई. रोज चित्रं काढतो. बायकोपासून लपवतो.' कुणाची चित्रं काढता हो? आं? कुणाची?"

"अगं, मी कसली चित्रं काढतोय!" शिंपीकाका गळ्यातल्या टेपशी चाळा करत म्हणाले. "मला मापाच्या खडूशिवाय सरळ रेघ येत नाही!"

"मग ही पोर काय खोटं लिहिते?"

"हो काकू, खोटंच आहे ते!" पेन्सिल धापा टाकत वर आली. "ही माणसं खरी नाहीतच मुळी. चारही मी मनानेच केलीत!"

खाली शिंपी राहतो हे लिहिताना डोक्यातही आलं नव्हतं, असं पेन्सिल आजही शपथेवर सांगते. हाताने बारीक काम करणारा कुणीतरी हवा होता, म्हणून शिंपी. बस! पण ते ऐकतो कोण?

"खरी नाहीत?" वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या 'बाई', लाल पेन घेऊन दुसऱ्या कागदासमोर उभ्या होत्या. "'निवृत्त शिक्षिका. हाताला कंप सुटतो, म्हणून रंग सोडले.' हे मी नाही, तर काय जिन्याचा कठडा आहे? शिवाय वय सदुसष्ट लिहिलंयस. मी त्रेसष्टची आहे!" त्यांनी सदुसष्टवर काट मारून त्रेसष्ट लिहिलं. मग शेजारच्या 'कुणितरी'मधली वेलांटी दीर्घ केली. मग समासात शेरा लिहिला: 'हस्ताक्षर सुधारा.' लिहिताना त्यांचा हात थरथरत होता, हे पेन्सिलने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"पण बाई, तुम्ही चित्रं काढायचात?"

"विचारलंस कधी?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

पेन्सिलला घाम फुटला. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मावशी गर्दीतून पुढे घुसल्या. या तरी आपली बाजू घेतील असं तिला वाटलं.

"मी मघापासून चारही कागद वाचतेय," मावशी म्हणाल्या. "यात आमचं घर कुठाय? चौदा वर्षं राहतोय इथे! आम्ही आपले लोक नाही वाटतं?"

"मावशी, तसं नाही हो..."

"माझाही कागद लाव. खरं तेच लिही! पण चांगलं लिही."

तिसऱ्या कागदापाशी सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. विनापरवानगी लावलेले कागद फाडायलाच ते आले होते आणि एक कोपरा त्यांनी उचकटलाही होता. तो कोपरा चिमटीत धरून ते तसेच वाचत राहिले होते. 'वय पंचेचाळीस. सगळ्यांना नियम सांगतो. घरी बोलायला कुणी नाही. गरज: मित्र.' त्यांचे कान लालबुंद झाले होते. एरवी जिन्यात सायकल दिसली तरी पाऊण तास बोलणारा माणूस, पण आता उचकटलेला कोपरा पुन्हा भिंतीला दाबून बसवत होता!

"आई, तू तरी सांग गं यांना!" पेन्सिल कळवळून म्हणाली.

आई चौथ्या कागदापाशी होती. 'वय अठ्ठेचाळीस. चित्रातलं काही कळत नाही, तरी "छान" म्हणते.'

"एवढं उघड दिसतं का गं?" आई हळूच म्हणाली.

आता मात्र पेन्सिलच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपण ही माणसं मनाने केली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. निदान मघापर्यंत होतं! आता तिला स्वतःचीच शंका येऊ लागली. काकांना आपण कधी चित्र काढताना पाहिलं होतं का? आईचं वय तरी आपण कशाला लिहिलं?

शिंपीकाकू तेवढ्यात दाणदाण जिना उतरून गेल्या होत्या. खाली मशीनचा खण ओढल्याचा आवाज आला. शिंपीकाका मटकन पायरीवर बसले. पाच मिनिटांनी काकू वर आल्या, त्या हातात मापांची जुनी वही घेऊन. वहीच्या मागच्या पानांवर, छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांआड, चित्रंच चित्रं! ओट्यापाशी पाठमोरी उभी बाई. सुईत दोरा ओवणारी बाई. खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेली बाई.

सगळा जिना वहीवर वाकला.

"माझं नाक," काकू सावकाश म्हणाल्या, "एवढं मोठं आहे?"

"उजेड बाजूने होता," शिंपीकाका पुटपुटले.

काकूंनी पान उलटलं, मग आणखी एक उलटलं. मग पदर तोंडाला लावला, आणि त्या हसताहेत की रडताहेत ते पेन्सिलला काही केल्या कळेना. वही काखेत मारून त्या खाली गेल्या. काका मागोमाग गेले, जरा अंतर ठेवून!

झालं! पोरीला माणसाच्या पोटातलं दिसतं, अशी इमारतभर बोंब झाली. दुपारपासून दार वाजायला लागलं. कुणाला आपल्याविषयी काय लिहिणार ते आधी कळायला हवं होतं. कुणाला नवऱ्याविषयी लिहून हवं होतं. मावशी तर स्वतःचा कागद स्वतःच लिहून घेऊन आल्या, दोन्ही बाजूंनी भरलेला!

संध्याकाळी सेक्रेटरी आले. त्यांचा कागद चार घड्या करून खिशात होता.

"हा मी जप्त केलाय. नियमाप्रमाणे."

"चालेल काका."

ते गेले नाहीत. चपलेशी खेळत राहिले. "ते... ॲपवर मित्र नेमके कसे मिळतात? म्हणजे, बटण वगैरे असतं का?"

ॲपमध्ये बटण तर सोडाच, अजून पहिलं पानसुद्धा नव्हतं! आईने आतून विचारलं, "चहा घेणार का?" आणि सेक्रेटरींनी एवढ्या घाईने चपला काढल्या, की एक गडगडत खालच्या पायरीवर गेली.

रात्री पेन्सिलने शिंप्याच्या कागदावर वहीतल्या चित्रांची भर घातली. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला निघाली, तेव्हा हातात फक्त तीन माणसं होती. चार हवी होती. चौथं तिने बसमध्ये उभ्या उभ्या, दांड्याला कोपर अडकवून खरडलं. काय लिहिलं ते पुन्हा वाचायलाही सवड मिळाली नाही.

मॅडमनी कागद टेबलावर मांडले.

"मापांच्या वहीत बायकोची चित्रं काढणारा शिंपी? काहीतरीच! फार सिनेमातलं वाटतं."

"मॅडम, तो खरा आहे. तळमजल्यावर राहतो."

"मग या बाई? स्वतःचं वय स्वतःच खोडून दुरुस्त करतात? असं कोण करतं?"

"त्याही खऱ्याच आहेत. तो शेरा त्यांचाच आहे."

"हे बघ, खरी माणसं मला चालणार नाहीत. कल्पनेची माणसं करायला सांगितली होती. आणि ती पटायला हवीत! यातलं एकही पटत नाही."

मग मॅडमनी बसमधला कागद उचलला.

'वय पन्नास. चित्रकला शिकवते. स्वतः कित्येक वर्षांत ब्रश हातात धरलेला नाही. विचारलं तर वेळ नाही म्हणते.'

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. वर्गातली बाकीची मुलं बाहेर गेली. शेवटी त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मॅडम! देवाशप्पथ! हे एकच खरंखुरं कल्पनेतलं आहे!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"स्टाफरूममधलं कोण बोललं तुझ्याशी? फक्त नाव सांग."